कारातोचा मासळीबाजार: पहिली फेरी रिकाम्या हाताने

शिमोनोसेकी हे जपानच्या होन्शू बेटाचं पश्चिम टोक. समोर हाकेच्या अंतरावर क्युशू बेट, आणि मधे कानमोनची सामुद्रधुनी, सर्वांत अरुंद जागी जेमतेम साडेसहाशे मीटर. या पाण्यात प्रवाहाची दिशा दिवसातून चार वेळा उलटते आणि जोर कधी कधी दहा नॉटपर्यंत जातो. याच काठावर, थेट धक्क्याला लागून, कारातो इचिबा उभा आहे. इचिबा म्हणजे बाजार.

जपानचा मासळीबाजार म्हटलं की बहुतेकांना टोकियोचं त्सुकिजी आठवतं. तिथला घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला गेला. त्सुकिजीत आता बाहेरच्या गल्ल्या उरल्या आहेत आणि त्यांत गिऱ्हाइकांपेक्षा पर्यटक जास्त. तोयोसूत ट्यूनाचा लिलाव जवळून पाहायचा तर आधी अर्ज करायचा आणि सोडतीत नाव लागायची वाट पाहायची. कारातोत घाऊक आणि किरकोळ विक्री एकाच छपराखाली चालते. आठवडाभर हॉटेलवाल्यांना मासळी पुरवणारे गाळेवालेच शुक्रवार ते रविवार गाळ्यापुढे सुशी (भाताच्या मुटक्यावर माशाचा काप) मांडून बसतात. एकच बाजार नीट बघायचा असेल तर हा बघावा.

वार आणि वेळ

सुशीचे गाळे शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी १० ते दुपारी ३, रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी सकाळी ८ ते दुपारी ३ या वेळेत लागतात. या उपक्रमाचं नाव 'इकीइकी बाकानगाई'. बाकान हे शिमोनोसेकीचं जुनं नाव. इतर दिवशी बाजार पहाटे उघडतो, पण तेव्हा तिथे कच्ची मासळीच असते. मंगळवारी पोचून 'सुशी कुठाय?' म्हणत फिरणारी माणसं दर आठवड्याला दिसतात. नववर्षाच्या आणि ओबोनच्या (ऑगस्टचा मध्य) सुट्ट्यांत वेळापत्रक बदलतं, म्हणून निघण्याआधी बाजाराच्या संकेतस्थळावर त्या महिन्याचं पान बघून घ्या.

त्यातही रविवार गाठावा. आठला दारं उघडतात, तेव्हा साडेसातला पोचा. साडेदहानंतर मोठ्या बस येऊ लागतात आणि लोकप्रिय गाळ्यांपुढे रांग लांबते. एकनंतर रांग ओसरते, पण चांगला माल संपलेला असतो. अडीचला काही गाळे उरलेली सुशी कमी भावात काढतात. पैसे वाचवायचे असतील तर तेव्हाही जाता येईल, फक्त निवडीची अपेक्षा ठेवू नका.

पोचायचं कसं

हिरोशिमाहून शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) कोकुरा, पाऊण तासाच्या आसपास. हाकाताहून तेच अंतर पंधरा-सोळा मिनिटांचं. नकाशात शिन-शिमोनोसेकी असं स्टेशन दिसतं आणि साहजिकच तिथे उतरावंसं वाटतं. पण वेगवान नोझोमी गाड्या तिथे थांबत नाहीत, आणि तिथून बाजारही दूर आहे. कोकुराच धरा.

कोकुराहून साध्या जेआर गाडीने मोजीको, पंधरा मिनिटं. मोजीको स्टेशनपासून चालत तीन-चार मिनिटांवर फेरीबोटीचा धक्का. बोट पाच मिनिटांत पलीकडे कारातोच्या धक्क्याला लागते आणि तिथून बाजार दोनशे पावलांवर. वरच्या उघड्या डेकवर जागा मिळाली तर घ्या. चष्म्यावर खारे तुषार उडतील तेवढं सोसा. मोठी बॅग कोकुरा किंवा मोजीको स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून या. बाजाराच्या अरुंद वाटांमध्ये चाकांची बॅग ओढणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, पण चेहऱ्यावर सगळं वाचता येतं.

पायात रबरी तळ असलेले बंद बूट हवेत, कारण फरशी सतत ओली असते. खिशात हजार येनच्या सहा-सात नोटा आणि शंभराची नाणी. काही गाळ्यांवर क्यूआर कोडने पैसे चालतात, पण सगळीकडे चालतात ते रोखच. शिवाय ओले टिशू, एक कापडी पिशवी, आणि बसायला प्लास्टिकची एखादी चटई.

पहिली फेरी

आत शिरल्याबरोबर पहिल्याच गाळ्यावर लालभडक ट्यूना आणि नारिंगी सालमन दिसतो आणि हात आपोआप डब्याकडे जातो. इथेच बहुतेकांची फसगत होते. दाराजवळचे गाळे वाईट नसतात. पण सात-आठ तुकड्यांत पोट भरतं आणि पुढे खऱ्या स्थानिक मासळीसमोर आल्यावर पोटात जागा उरत नाही. सालमन काय, टोकियोतही मिळतो.

म्हणून आधी जिना चढून वरच्या मजल्यावर जा. वरच्या कठड्यावरून खालचा सगळा बाजार दिसतो: कुठे रांग लांब आहे, कोणत्या गाळ्यावर स्थानिक बायका पिशव्या घेऊन उभ्या आहेत, तळणाचा धूर कुठून येतोय. मग खाली येऊन एक पूर्ण फेरी मारा, पंधरा मिनिटांची, काहीही न घेता. भावाच्या पाट्या बघा. एकाच जातीच्या तुकड्याचा भाव दोन गाळ्यांवर वेगळा असतो, आणि वरच्या माशाच्या कापाचा आकारही.

पाटीवरचं जपानी वाचता येत नसेल तर फोनचा कॅमेरा भाषांतराच्या ॲपमध्ये धरून बघा. तीन शब्द ओळखता आले की बरंच भागतं: 'तेन्नेन' म्हणजे समुद्रात पकडलेला, 'योशोकू' म्हणजे पाळलेला, 'काइतो' म्हणजे गोठवून सोडवलेला. पाळलेला म्हणजे हलका असं समजू नका. पाळलेला हामाची (यलोटेल मासा) मुद्दाम चरबीदार केलेला असतो आणि सुशीवर तो अनेकांना जास्त आवडतो.

डबा आणि चिमटा

दुसऱ्या फेरीत खरेदी. पद्धत साधी आहे. गाळ्यावरचा प्लास्टिकचा डबा आणि चिमटा घ्यायचा, हवे ते तुकडे स्वतः उचलून डब्यात ठेवायचे, शेवटी तो गाळेवाल्याला द्यायचा. तो तुकडे मोजून रक्कम सांगतो, झाकण लावून सोया सॉस आणि चॉपस्टिक घालून देतो. एका गाळ्याचा डबा त्याच गाळ्यापुरता. पैसे चुकते केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

चिमट्याने तुकडा उचलताना वरच्या माशाला धरलं तर भात खाली राहतो. बाजूने, भात आणि मासा दोन्ही पकडीत येतील असा धरा आणि हलका दाब द्या. एकदा उचललेला तुकडा परत ठेवायचा नाही. ताटाच्या वर वाकून बोलायचंही नाही.

साध्या तुकड्याला दीडशे-दोनशे येन पडतात. ट्यूनाचा चरबीदार पोटाचा भाग, उनी (समुद्री साळिंदराचा गर) आणि फुगू (अंग फुगवणारा विषारी मासा, त्याच्याबद्दल पुढे) यांचे तुकडे चारशेच्या पुढे जातात. इथले कापं लांबरुंद असतात, भाताच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबतात. आठ ते दहा तुकडे आणि एक वाटी सूप म्हणजे पोटभर जेवण. माणशी तीन हजार येन धरले तर कंजूषपणा करावा लागणार नाही. लावलेला भाव करासहित असतो, आणि घासाघीस करायची नाही. भाऊच्या धक्क्याची सवय इथे खिशात ठेवावी. दिवस संपताना गाळेवाला आपणहून एखादा तुकडा जास्त टाकेल तो 'ओमाके', म्हणजे वरकड; मागून मिळत नाही.

काय घ्यावं? ताई (लालसर ब्रीम), हिरामे (चपटा मासा), 'आजी' (हॉर्स मॅकरेल), माकूल. 'सावारा' दिसला तर नक्की घ्या. तो आपल्या सुरमईचा चुलतभाऊ, आणि वरवर जाळ दाखवून दिलेला असेल तर साल थोडी करपते आणि तिखटमीठ न लावताही चव लागते. पापलेटच्या कुळातला मानागात्सुओ पश्चिम जपानात मिळतो, टोकियोकडे क्वचितच. तो सुशीत कमी आणि कच्च्या मासळीच्या गाळ्यावर जास्त दिसेल. वासाबी (झणझणीत हिरवी चटणी) नको असेल तर 'साबी नुकी' एवढं म्हणा.

सोबत शाकाहारी माणूस असेल तर त्याच्यासाठी इथे फारसं काही नाही. काकडीचा रोल मिळाला तर मिळाला. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपच्या पाण्यातही माशाचा अर्क असतो आणि अंड्याच्या गोडसर सुशीतही बहुधा तोच.

फुगू

कारातोला येण्याचं खरं कारण हे. शिमोनोसेकीत त्याला फुगू न म्हणता 'फुकू' म्हणतात, कारण फुकू म्हणजे सौभाग्य. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोयोतोमी हिदेयोशीने सैनिक विषबाधेने मरू लागले म्हणून फुगू खाण्यावर बंदी घातली आणि ती पुढे शतकानुशतकं राहिली. पंतप्रधान इतो हिरोबुमी यांना इथल्याच शुनपानरो या खानावळीत फुगू वाढला गेला, तो त्यांना आवडला आणि १८८८ मध्ये यामागुची प्रांतात बंदी उठली. शुनपानरो आजही बाजारापासून चालत काही मिनिटांवर आहे. १८९५ चा चीन-जपान तह तिथेच झाला.

विष आहे ते टेट्रोडोटॉक्सिन. ते मुख्यतः यकृतात आणि अंडाशयात असतं, शिजवून किंवा तळून जात नाही, आणि त्याच्यावर उतारा नाही. म्हणून फुगू साफ करण्याचा परवाना लागतो, आणि यकृत वाढणं जपानभर बेकायदा आहे. बाजारात तुमच्या हाती येतो तो 'मिगाकी', म्हणजे विषारी अवयव काढून धुऊन टाकलेला. त्यामुळे गाळ्यावरची प्लेट घेताना घाबरायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र कोकणच्या आणि गोव्याच्या वाचकांनी पक्की लक्षात ठेवावी. आपल्या जाळ्यांत येणारा, फुगणारा केंड याच कुळातला आहे. जपानात खाल्ला म्हणून इकडे येऊन केंड शिजवून बघायचा नाही. कोणत्या जातीत कोणता अवयव सुरक्षित हे ओळखण्यासाठी तिथले लोक शिकून परीक्षा देतात.

तीन प्रकारे चव घ्या. आधी 'काराआगे', पीठ लावून तळलेले हाडासकटचे तुकडे. कोंबडीच्या जवळ जाणारी चव, नवख्याला लगेच पटते. मग 'फुकू-जिरू', मिसोच्या सूपमध्ये हाडांचा अर्क, तीन-चारशे येनची वाटी, थंडीच्या सकाळी उत्तम. शेवटी कच्चा, पातळ कापून फुलासारखा मांडलेला. काप इतके पातळ का, तर मांस चिवट असतं. जाड कापलं तर चावता चावत नाही. सोबत आंबट पोन्झू सॉस, तिखट मुळ्याचा कीस आणि बारीक हिरवी पात. चव सौम्य आहे. तिखटाच्या कालवणाची सवय असलेल्या जिभेला पहिल्या घासात 'एवढंच?' असं वाटेल. काप पोन्झूत नुसता टेकवा, बुडवू नका, आणि सावकाश चावा. गोडवा उशिरा येतो.

हंगाम थंडीचा. जुनं म्हणणं असं की शरद संपातापासून वसंत संपातापर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेर ते मार्च. उन्हाळ्यातही मिळतो, पण तो बहुतेक पाळलेला किंवा गोठवलेला. फुगूचा प्रसिद्ध लिलाव पाहायला मात्र कारातोत येऊ नका. काळ्या कापडी पिशवीत हात घालून बोटांच्या खुणेने भाव ठरवण्याची ती पद्धत हिकोशिमा बेटावरच्या हायेदोमारी बाजारात चालते.

बसायचं कुठे

गाळ्यांच्या मधे उभं राहून खाऊ नका, वाट अडते. डबे घेऊन मागच्या दाराने बाहेर पडा. पाण्याकाठी लाकडी पाटांचा लांब धक्का आहे, समोर कानमोनचा पूल आणि चोवीस तास जा-ये करणारी जहाजं.

इथे घारी सांभाळा. आकाशात चार-पाच गिरट्या घालत असतात आणि मागून, आवाज न करता, चॉपस्टिकमधला घास उचलून नेतात. हातावर ओरखडेही पडतात. भिंतीला किंवा कठड्याला पाठ लावून बसा. डब्याचं झाकण एका वेळी एका तुकड्यापुरतं उघडा. घास डब्यातून थेट तोंडात. फोटोसाठी हात वर करून धरलेला तुकडा म्हणजे घारीला दिलेलं आमंत्रण. लहान मूल असेल तर त्याला दोन मोठ्यांच्या मधे बसवा. पाऊस असेल तर बाहेरचा बेत सोडून वरच्या मजल्यावरच्या उपाहारगृहात जा, तिथे फिरत्या पट्ट्यावरची सुशी मिळते, पण रांग लांब.

रिकामे डबे बाजारातल्याच कचरापेटीत टाका. बाहेर शहरात कचरापेटी शोधत फिराल.

कच्ची मासळी घ्यायची असेल

स्वयंपाकघर असलेल्या घरात उतरला असाल किंवा जपानातच राहत असाल तर हा भाग तुमच्यासाठी. खाऊन झाल्यावर, निघायच्या आधी, शेवटी खरेदी करा. आधी घेतलेली मासळी दोन तास पिशवीत तापते.

आपण मासा दाबून, कल्ले उचलून लाली बघून घेतो. इथे हात लावायचा नाही. लांबून डोळे बघा: स्वच्छ आणि बाहेर आलेले हवेत. अंगाची चमक बघा. डोक्याच्या मागे आणि शेपटीजवळ चीर दिसली तर तो 'इकेजिमे' मासा, म्हणजे मेंदूत सुई घालून क्षणात मारून रक्त काढलेला. अशा माशाचं मांस जास्त वेळ घट्ट राहतं. मोठा ताई किंवा हिरामे तर एखादा दिवस थंड ठेवल्यावर जास्त चवदार होतो. आजचा ताजा तेवढा उत्तम, ही आपली समजूत कच्च्या खाण्यात दर वेळी खरी ठरत नाही.

पाटीवर किंवा वेष्टनावर 'नामाशोकुयो' असेल तर कच्चा चालतो, 'कानेत्सुयो' असेल तर शिजवूनच खायचा. कालवांच्या बाबतीत हे कसोशीने पाळा. कानेत्सुयो कालवं शिळी नसतात, बऱ्याचदा चवीला उजवी असतात, पण कच्ची खाण्यासाठी लागणारी अटींची पूर्तता त्यांची झालेली नसते.

मासा साफ करून हवा असेल तर 'उरोको तो हारावाता ओ तोत्ते कुदासाई' म्हणा, म्हणजे खवले आणि पोट काढून द्या. काट्यापासून दोन्ही बाजू वेगळ्या हव्या असतील तर 'सानमाई-ओरोशी दे'. किती विचारताना 'इकुरा देसु का'. नारिंगी मासअंड्यांचं नावही इकुराच, त्यामुळे बोट दाखवून विचारलेलं बरं. भाव शंभर ग्रॅमचा की अख्ख्या माशाचा, ते पाटीवर पाहा. ट्यूनाचा 'साकू', म्हणजे चौकोनी लादी, बहुधा ग्रॅमवर असतो. दोघांना दोनशे ग्रॅम पुरे.

आनिसाकिस विसरू नका. हा दोन-तीन सेंटिमीटरचा, पांढरा, दोऱ्यासारखा किडा. साबा (बांगड्याच्या कुळातला मासा), 'आजी', कात्सुओ (छोटा ट्यूना), माकूल यांत आढळतो. जिवंत पोटात गेला तर काही तासांत पोटात असह्य कळा येतात. व्हिनेगर, मीठ, वासाबी, लिंबू यांनी तो मरत नाही. मरतो उणे २० अंशाला २४ तास गोठवल्यावर, किंवा ६० अंशाला एक मिनिट शिजवल्यावर. म्हणून अख्खा साबा घेऊन घरी कच्चा कापायचा बेत करू नका. तो घ्या, हळद-मीठ-तिखट लावून तळा. बांगड्याहून तेलकट आहे, तव्यात तेल कमी लागेल.

थंड ठेवायला गाळेवाल्याकडे थर्माकोलचा खोका आणि 'होरेइझाई', म्हणजे बर्फाची पाकिटं, मागा. थोडे पैसे पडतात. दुसऱ्या शहरात पाठवायचं असेल तर 'कूल-बिन' कुरिअरने बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतं. पत्ता जपानीत लिहिलेला फोनवर तयार ठेवा.

काही गाळ्यांवर गडद लाल मांस किंवा पांढऱ्या-लाल कडेचे काप दिसतील आणि पाटीवर 'कुजिरा' असेल. ते व्हेलचं मांस. शिमोनोसेकी व्हेल पकडणाऱ्या जहाजांचं जुनं बंदर आहे. खायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण पाकीट भारतात नेऊ नका. व्हेलच्या मांसाची देशाबाहेर ने-आण आंतरराष्ट्रीय करारानुसार निषिद्ध आहे. भेट म्हणून उनीची छोटी बाटली बरी. मात्र तिच्यात अल्कोहोल असतं, ज्यांना चालत नाही त्यांना आधी सांगा.

परतीला वेळ असेल तर बोटीऐवजी पायी क्युशूला जाता येतं. बाजारापासून पुलाच्या दिशेने किनाऱ्याने वीस-पंचवीस मिनिटं चाललं की मिमोसुसोगावाला लिफ्ट लागते. ती समुद्राच्या तळाखालच्या ७८० मीटरच्या बोगद्यात उतरवते, चालणाऱ्यांना फुकट. मधोमध फरशीवर दोन्ही प्रांतांची सीमारेषा रंगवली आहे. खोक्यातला बर्फ दोन तास टिकेल एवढा आहे ना, ते निघण्याआधी बघून घ्या.